मागच्या सीटवर बसणारे दाजी

गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुंपणावर माणसं, जिन्यावर माणसं, समोरच्या गच्चीवर तर वाळत घातलेल्या चादरींमधून नुसती डोकीच डोकी. आणि सगळ्यांच्या नजरा खिळल्या होत्या माझ्या ताईच्या गॅरेजपुढे उभ्या असलेल्या एका जुन्या, राखाडी, लांबुडक्या गाडीवर.

गाडी दाजींची. दाजींना जाऊन चार महिने झाले होते. आणि पैलतीरबाबा म्हणत होते की, ते रोज मागच्या सीटवर येऊन बसतात.

"इंजिन बंद करू नका! इंजिन म्हणजे प्राण!" बाबा गरजले. त्यांचा एक शिष्य, माणूस कसला, धान्याचं कोठारच, 'जागा शुद्ध करायला' मागच्या सीटवर बसला. गाडी खचली, मग सावकाश सावरली. शिष्य उतरला तशी गाडी मागून चार बोटं वर आली. बाबांनी डोळे मिटले.

"ये रे ये जिवा, ओलांडून तीर,
बैस गादीवर, होऊ नको अधीर!"

यमक असं, की ऐकून मेलेला माणूससुद्धा अर्ध्या वाटेवरून परत फिरावा. पण पाच-सहा श्वास गेले, आणि 'सुस्स' असा उसासा टाकून ती रिकामी गाडी मागून हळूच खाली बसली. दमून घरी आलेल्या माणसानं टेकावं तशी.

गर्दीच्या अंगावर काटा आला.

"आणि ऐका, त्यांचं काळीज!" बाबांनी बॉनेटकडे बोट केलं. आतून आवाज येत होता, टिक... टिक... टिक... लोकांनी हात जोडले. शिकलेल्यांनी चष्मे पुसून जोडले, एवढाच फरक.

बाबांचा मुक्काम महिनाभर दाजींच्या खोलीत होता. पायांत दाजींच्याच चपला होत्या. परलोकाशी एवढी ओळख असलेल्या माणसाला स्वतःच्या चपला मिळू नयेत, हे नवलच!

माझं लक्ष ताईकडे होतं. दोनदा बाबांनी तिला गाडीत एकटीला बसवलं होतं, गॅरेजचं शटर ओढून, इंजिन चालू ठेवून, अर्धा-अर्धा तास. दोन्ही वेळा ती डोकं गच्च धरून, ओकत बाहेर आली होती, आणि म्हणाली होती, "दिसले रे, ते दिसले." आज दुपारी बाराला तिसरी बैठक होती. दोन तासांची. "आज ते बोलतील," असं बाबांनी सांगून ठेवलं होतं.

"ताई, नको ना," मी म्हणालो.

"तुझे ते फक्त दाजी होते रे," ती म्हणाली. "मला एक शब्द ऐकू दे त्यांचा. एकच."

 मी तडक मेस्त्रीणबाईकडे गेलो. बापाचं गॅरेज चालवणारी बाई. दाजींच्या गाडीची नाडी आधी बापाच्या, गेली वीस वर्षं तिच्याच हातात. शिष्याचं ऐकून ती हसली, पण शटरचं ऐकलं आणि तिनं हातातला पाना खाली टाकला.

"बंद खोलीत इंजिन? अरे, त्या धुरात विष असतं, आणि विषाला ना रंग, ना वास! अर्ध्या तासात ओकली ना? दोन तासांत तुझी ताई खरोखरच पैलतीरी जाईल. उचल ती वाळूची दोन पोती, चल!"

आम्ही पोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती.

"बाई, हा श्रद्धेचा प्रांत आहे," बाबा आडवे आले.

"आणि ही ऑइलवर चालणारी गाडी आहे. सरका." मेस्त्रीणबाईंनी बाह्या वर केल्या. "बोलवा दाजींना. मात्र आधी सीटवर कुणी बसायचं नाही."

बाबांनी जिवाला एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा घसा बसला. गाडी ढिम्म.

"जागा अशुद्ध आहे!"

"मग मी शुद्ध करते." तिनं दोन्ही पोती सीटवर टाकली. गाडी खचली, सावरली. पोती काढली, गाडी वर आली. गच्चीवरची पोरं मोठ्यानं आकडे मोजू लागली. सात म्हणता म्हणता, सुस्स! गाडी खाली बसली.

"आता कोण आलं हो? पोत्यांचे दाजी?"

पहिलं हसू गच्चीवरून सांडलं.

मेस्त्रीणबाईंनी गाडीखाली आधी भक्कम टेकू दिले. टेकूशिवाय अशा गाडीखाली हात घालणारा दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. मग हात घालून तिनं मागच्या आसाजवळची एक काठी दाखवली, करंगळीएवढी. "ही गाडी स्प्रिंगवर नाही, ऑइलच्या दाबावर उभी असते. माणूस बसला, गाडी दबली, की ही काठी तिथला व्हॉल्व्ह उघडते. ऑइल आत येतं, गाडी उचलली जाते. माणूस उतरला की गाडी जास्त वर जाते. मग हीच काठी ऑइल परत टाकीत सोडते, गाडी खाली येते. मुद्दाम सावकाश, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात उड्या मारेल. हा बिघाडसुद्धा नाही, बाबा. गाडी ठणठणीत असल्याची खूण आहे!"

तिनं काठी सोडवली, टेकू काढले, पोती पुन्हा ठेवून पुन्हा उतरवली. गाडी जिथं होती तिथं आली आणि तिथंच राहिली. उसासा नाही, काही नाही.

बाबा कपाळ पुसत पुढच्या दारातून आत वाकले. त्यांचा हात ड्रायव्हरच्या सीटशेजारी गेला, न चाचपडता. मेस्त्रीणबाईंनी मनगट धरलं.

"हा गाडीची उंची बदलायचा दांडा. नव्या माणसाला आठ दिवस सापडत नाही. आधी कुणाची अशी गाडी हाकत होतात, महाराज?"

ऐलतीरावरच्या या प्रश्नावर पैलतीरबाबांनी मनगट सोडवून दोन पावलं मागं घेतली.

"आणि काळीज?" कुणीतरी विचारलं.

तिनं घड्याळ काढलं. "दर तीन सेकंदांनी टिक. चांगल्या गाडीत अर्ध्या मिनिटानं एखादी. पंपाचा दाब साठवणारा गोळा असतो, त्यातला वायू गेलाय, म्हणून पंपाला तो सारखा भरावा लागतो, त्याचीच ही टिक. बिघाड आहे तो एवढाच. म्हणून तर इंजिन बंद करू देत नव्हते हे. बंद केलं की थोड्या वेळात 'प्राण' उतरला असता."

ताई पुढे आली. "मग मला दिसले ते?"

मेस्त्रीणबाईंचा आवाज मऊ झाला. "ते धुरानं दाखवलं, वहिनी. आणखी तासभर बसला असतात, तर तुम्हीही कुणाला दिसला नसतात."

ताईनं गाडीच्या टपावरून हात फिरवला. अचानक तिला हसू आलं, रडण्याच्या काठावरचं. "ते म्हणायचे, 'तू उतरलीस की गाडी आधी आनंदानं उडी मारते, मग हिरमुसून बसते.' तीस वर्षं म्हणायचे. मी पिशव्या उचलून तशीच घरात जायची. एकदा म्हणून मागे वळून पाहिलं नाही." मग ती बाबांकडे वळली. "त्यांचा शब्द मला पाठ आहे. तुम्ही चपला काढा."

बाबा अनवाणी गेले. मागून कोठारही गेलं.

ताईनं स्वतः किल्ली फिरवली. टिकटिक थांबली. गाडी हळूहळू जमिनीकडे झुकत गेली, आणि या खेपेला एकाही माणसानं हात जोडले नाहीत.

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, हे खरं. पण महिनाभर त्या गल्लीत शेकडो डोळे जमत होते, आणि गाडीखाली वाकून पाहणारी मान एक नव्हती. माझीही नव्हती, ती बाई आली म्हणून वाकली. दुःखी माणसाला कुणी चमत्कार दाखवू लागलं, तर हात जोडायच्या आधी एवढं विचारा: 'तुमच्या त्या शिष्याला बसवल्याशिवाय होईल का हे?' आणि उत्तर मिळेपर्यंत शटर उघडं ठेवा.