एक काना

"साहेब, वही उलटी धरलीत तुम्ही," टिपणबाई हळूच म्हणाल्या.

टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने वही सुलटी केली, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही. पानभर नुसत्या रेघा, आकडे आणि टिंबं.

"आमच्या लघुलेखकाला दाखवली. तो म्हणतो, असली लिपी जन्मात पाहिली नाही."

यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. बाई लघुलिपीच्या क्लासला जेमतेम तीन महिने गेल्या होत्या. मग वडील अंथरुणाला खिळले आणि क्लास सुटला. पुढची लिपी त्यांनी स्वतःच्या डोक्याने रचली. वेग यावा म्हणून काना, मात्रा, वेलांटी सगळ्याला फाटा दिला. नुसत्या अक्षरांच्या खुणा मांडायच्या आणि वाचताना बाकीचं आठवून भरायचं. हे जगात एकट्या बाईंनाच जमत होतं, म्हणून आज वहीबरोबर त्यांनाही चौकशीला बोलावून आणलं होतं.

वाचनालयात त्या टंकलेखिका होत्या. दर गुरुवारी संध्याकाळी तिथल्या मागच्या खोलीत बैठक भरे आणि बाई कोपऱ्यात बसून तिचं इतिवृत्त टिपत, म्हणून सगळे त्यांना टिपणबाई म्हणत. एके काळी वीस-पंचवीस माणसं जमायची. नाटकं, चित्रं, पुस्तकं यांवर कडाकडा भांडायची. चौकाचौकात बंदूकधारी उभे राहिले तशी माणसं गळत गेली आणि उरलेल्या पाच-सहा जणांना कशावरही बोलायला घेतलं तरी गाडी राजकारणावरच येई. त्या पाच-सहा जणांत एक नाटककार होते. गेल्या महिन्यात ते तिथे जे बोलले, ते कुणीतरी वर पोहोचवलं होतं. ग्रंथपालांपासून सगळ्यांना विचारून झालं. सगळ्यांनाच एकदम विस्मरण झालं होतं. आता पुरावा म्हणाल तर ही वही. त्यात ते वाक्य सापडलं, तर दोन दिवसांपूर्वी चौकशीला आणलेले नाटककार कायमचे आत जाणार होते. गेलेल्यांपैकी अजून कुणी परत आलेलं नव्हतं.

सकाळी निघताना वहिनीने बाईंना दारात गाठलं होतं. "वन्सं, जे लिहिलंय ते वाचा आणि गुमान घरी या. यांच्या नोकरीवर यायला नको."

"एवढंच करणार आहे," बाई म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा ते खरंही होतं.

"वाचा," अधिकारी म्हणाला.

बाईंनी चष्मा पुसला. वाक्य समोरच होतं. *इतकी वर्षं आपण हा राजा सोसला. आता हा राजा संपला पाहिजे. लोकांनी ठरवलं तर एका दिवसात संपेल.* राजा म्हणजे कोण, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या र आणि ज कडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"'इतकी वर्षं आपण ही रजा सोसली. आता ही रजा संपली पाहिजे. लोकांनी ठरवलं तर एका दिवसात संपेल.'"

"रजा?"

"रजा. सुट्टी."

"रजा सोसतं का कुणी?"

"सक्तीची असली तर सोसावीच लागते, साहेब. सगळा देश हात बांधून घरी बसलाय, कुणी काम करत नाही, असं म्हणत होते ते."

"आम्हाला चार महिन्यांत एक दिवसाचीही मिळाली नाही," अधिकारी स्वतःशीच पुटपुटला. मग त्याने बोट ठेवून विचारलं, "यात रजा कुठेय?"

"हा र. हा ज."

यात तर कणभरही खोटं नव्हतं. अधिकारी बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत बसला. मग कंटाळून त्याने बाहेर हाक मारली. "नाटककारांना आत आणा. त्यांच्यासमोर एकदा वाचा. कबूल असेल तर सही करतील आणि दोघंही घरी जा. माझ्या डोक्याचा ताप जाईल."

बाईंना हायसं वाटलं, पण क्षणभरच. या माणसाला त्या सतरा वर्षं ओळखत होत्या. दर गुरुवारी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला घेतलं की नाटककारांचा हात वर झालाच म्हणून समजा. "बाई, मी 'पण' म्हणालो नव्हतो, 'परंतु' म्हणालो होतो." "बाई, तिथे स्वल्पविराम होता. मी थांबलो होतो." लोक हसत, बाई मनातल्या मनात त्यांच्या नावाने खडे फोडत, आणि पुढच्या गुरुवारी त्यांचं बोलणं सगळ्यात जपून टिपत. आपलं टिपण इतकं मनावर घेणारं दुसरं माणूस बाईंच्या आयुष्यात नव्हतं, आणि त्यांना ते आवडत असे.

नाटककार आत आले. दोन दिवसांची दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. बाईंना पाहून त्यांनी सवयीने नमस्कार केला. बाईंनी वाचलं. वाचून झाल्यावर मान वर केली आणि डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.

"पुन्हा वाचा," नाटककार म्हणाले.

बाईंनी पुन्हा वाचलं. नाटककारांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना सगळं समजलंय, हे बाईंना त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवरूनही कळलं. नुसती मान हलवायची होती.

"माझं वाक्य असं नाहीये."

"नीट आठवा," बाई घाईघाईने म्हणाल्या. "त्या दिवशी रजेचा विषय निघाला होता."

"मी रजेबद्दल कशाला बोलेन, बाई? मी उभ्या जन्मात नोकरी केलेली नाही." ते किंचित हसले. "सतरा वर्षं मी तुम्हाला एकेका शब्दावरून छळलं. आता एवढा मोठा शब्द कसा सोडू?" मग ते अधिकाऱ्याकडे वळले. "राजा. र ला काना, ज ला काना. यात बाईंची चूक नाही. त्यांच्या लिपीत काना नसतो, वाचताना कुणाचाही घोटाळा होईल."

बाईंना त्यांचा इतका संताप आला, की उठून त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. ते जमण्यासारखं नव्हतं. अधिकाऱ्याने कोरा कागद पुढे सरकवला आणि दुरुस्त केलेलं वाक्य सरळ अक्षरांत उतरवून द्यायला सांगितलं. बाईंनी लिहिलं. र ला काना देताना रेघ जरा वाकडी आली. नाटककारांनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला, टेबलावरचं पेन उचललं आणि 'सोसला' नंतरच्या पूर्णविरामाचा ठिपका जरा ठळक केला. मग सही केली.

त्यांना मागच्या दाराने नेलं. बाईंना वही परत देऊन पुढच्या दाराने सोडलं.

"वाचलंत ना जे होतं ते?" घरी वहिनीने विचारलं. "हो," म्हणून बाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारी बैठकीला ग्रंथपाल धरून चार जण होते. कुणी नाटककारांचं नाव काढलं नाही. सगळे पुस्तकांना लागलेल्या वाळवीबद्दल बोलत होते. बाईंनी नेहमीप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं. नाटककारांच्या एका वाक्यात 'परंतु' होतं. बाईंनी मुद्दाम 'पण' वाचलं आणि थांबल्या.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. कुणाचाही हात वर झाला नाही.

"पुढे?" ग्रंथपाल म्हणाले.

बाईंनी उरलेलं वाचून संपवलं. मग नवं पान उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळे काना-मात्रा देऊन सरळ अक्षरांत लिहिलं : मागील बैठकीचे इतिवृत्त वाचण्यात आले. दुरुस्ती नाही.