देवघरातला राऊटर

"आलं! आलं! नेट आलं!" शेजारचे माणिकराव मोबाईल डोक्यावर नाचवत ओरडले आणि छबूबाईंच्या घरात जमलेल्या अख्ख्या गल्लीनं हात जोडले. मोबाईलला नव्हे, नागनाथ महाराजांना. घटकाभरापूर्वी या घरात कुणाच्याच फोनवर काही उघडत नव्हतं. महाराजांनी देवघरातली सगळी बटणं बंद करायला लावली, अंधारात बसून मंत्र पुटपुटले, अंगारा फुंकला, आणि माणिकरावांच्या फोनवर अडकलेलं भजन पुन्हा सुरू झालं.

"अण्णा शांत झाले," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "आत्म्याला अंधार लागतो. त्यांचा डबा उतरवून तुमी नवा बसवला, त्याचा ह्यो कोप हाय. आत्म्याची लहर आन् नेटची लहर एकच असती. सायन्स बी हेच सांगायलंय!"

सायन्स हे कुठं सांगतं, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. पाथरीतलं मोबाईलचं दुकान बुडाल्यावर या गृहस्थाला वैराग्य आलं होतं, आणि वालूरची माणसं त्याच्या वैराग्यापुढं मान तुकवत होती.

छबूबाईंची सून रेणुका स्वयंपाकघराच्या दारात दातओठ खात उभी होती. पुण्याच्या एका क्लासच्या मुलांना ती बैठकीच्या खोलीतून ऑनलाइन गणित शिकवायची. सासरे सूर्यभान अण्णा वारले, त्यांनी बसवलेला राऊटर कुरकुरायला लागला, म्हणून तिच्या नवऱ्यानं, आदिनाथनं, नवा आणला. तेव्हापासून नेटचा लपंडाव चालू होता. भागाकार अर्ध्यावर आला की रेणुकाचा चेहरा मुलांच्या पडद्यावर गोठायचा. आणखी एक तास बुडाला तर विद्यार्थी दुसऱ्या बाईंकडे देऊ, असं क्लासवाल्यांनी स्पष्ट बजावलं होतं.

"पर महाराज, कोप कुणावर हाय?" छबूबाईंनी विचारलं.

महाराजांनी डोळे उघडून थेट रेणुकाकडं बोट केलं. "अण्णाच्या बैठकीत जी ठाण मांडून बसती, तिच्यावर. हिला सव्वा महिना म्हायेरी धाडा. शिकवणं कायमचं बंद. न्हाईतर घरात दुसरं मरण हाय."

दुसरं मरण! त्या दोन शब्दांनी छबूबाईंचा चेहरा पांढरा पडला. आदिनाथ जमिनीकडं बघत राहिला. रेणुकाला महाराजांपेक्षा त्याच्या गप्प बसण्याचा जास्त संताप आला.

महाराजांची पाठ वळली, छबूबाईंनी देवघरातली बटणं पुन्हा लावली, आणि नेट गेलं. "बघ, तू हायस तवर असंच," त्या म्हणाल्या. गुरुवारी समाप्तीची पूजा, महाराजांची दक्षिणा आणि त्याच दिवशी रेणुकाची चारठाण्याला माहेरी रवानगी ठरली.

बुधवारी दुपारी ती माजघरात बॅग भरत होती. तेवढ्यात लाइट गेली, पंखा थांबला, आणि तिच्या मोबाईलवर धडाधड मेसेज येऊन पडले. तिनं व्हिडिओ लावून पाहिला, तोही न अडखळता चालला. लाइट आली आणि व्हिडिओ पुन्हा अडकला.

रेणुका साडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. साऱ्या गावाचं नेट लाइट गेल्यावर जातं, आणि आपलं येतं? नवा राऊटर वर माळ्यावर, इन्व्हर्टरला जोडलेला, म्हणजे तो चालूच राहतो. मग लाइटबरोबर बंद काय पडतं? पंखा, फ्रीज आणि... ती देवघरात गेली. अण्णांच्या हार घातलेल्या फोटोखाली त्यांचा जुना राऊटर हळदीकुंकू लेवून बसला होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. नवऱ्याच्या हातची वस्तू म्हणून छबूबाईंनी तो जपला होता, आणि महाराजांनी त्या मंत्राआधीच्या पहिल्या भेटीत सांगितलं होतं, "हा दिवा विझू देऊ नका." त्याआधी आदिनाथला त्यांनी विचारलं होतं, "नव्याला वायफायचं नाव जुन्याचंच दिलं ना?" केवढा अंतर्ज्ञानी माणूस, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. तिनं बटण बंद केलं आणि नेट आलं. ती मोठ्यानं हसली, आणि मग तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

गुरुवारी गल्ली पुन्हा जमली. रेणुका पुढं आली.

"महाराज, मी जाते. पर आधी एक सांगा. मी देवघराचं दार लावून आत बसते. अण्णा कवा आले, कवा गेले, तेवढं तुमी बाहेरून ओळखा. फोन माणिककाकांच्या हातात."

"देवाची परीक्षा घेती का गं?"

"देवाची न्हाई, तुमची."

लोक कुजबुजले. माणिकरावांनाही मजा बघायची होती. "होऊन जाऊ द्या महाराज," ते म्हणाले. आता माघार घेणं अवघड होतं. दार लागलं. थोड्या वेळानं महाराजांनी अंग थरथरवलं. "आले! अण्णा कोपले!"

"नेट तर पळायलंय की," माणिकराव म्हणाले.

"आता... आता शांत झाले."

"आता बंद पडलं, महाराज!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. रेणुका जुना राऊटर घेऊनच बाहेर आली आणि तिनं त्याची मागची बाजू सगळ्यांना दाखवली. "बघा, ह्याच्यात नेटची वायरच न्हाई. ती नव्याला लावली. पर गल्लीचे सगळे फोन आपल्याच वायफायवर, म्हणून आमच्या ह्यांनी नव्याला नाव न् पासवर्ड जुनाच ठेवला. आता एका नावाचे दोन डबे झाले. शेजारी दोन नळ हायत, एकाला पाइपलाइन, एक कोरडा. फोन बिचारा जवळचा बघतो आन् कोरड्याखाली बादली लावतो. हा बंद केला की फोन नव्याकडं जातो. त्या दिवशी नेट बटणानं आलं, मंत्रानं न्हाई. आन् बटण बंद करायला कुणी सांगितलं? ज्यानं सांगितलं त्याचं मोबाईलचं दुकान होतं!"

"नास्तिक बाई! वाटोळं होईल घराचं!" महाराज उठले, पिशवी उचलली आणि चपला पायात न घालता हातात घेऊनच सटकले.

छबूबाई राऊटरवर हात फिरवत रडू लागल्या. "त्येंचं म्हणून जपलं गं मी."

"जपा की, आत्याबाई. बंद करून जपा," रेणुका म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला नव्हता. "पर एक सांगा. अण्णा जिवंत असताना मला कवा म्हणले होते, घरातून जा म्हणून?"

आदिनाथ आत गेला आणि तिची बॅग रिकामी करू लागला.

मंडळी, नेट गेलं तर वायर बघा, बटण बघा, एकेक वस्तू बंद करून पाहा. नाहीच कळलं तर कळलं नाही म्हणा, त्यात कसली आलीय लाज? पण मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालून जिवंत बाईला घराबाहेर काढायला सांगणारा कुणी दारात आला, तर त्याला पाणीसुद्धा विचारू नका.