शंभरपैकी एकसष्ट

लाल-निळ्या पेन्सिलीचं लाल टोक तिसऱ्यांदा मोडलं, तेव्हा सुमनने ब्लेड घेतलं आणि कागदावर भुगा पडू नये म्हणून खिडकीशी जाऊन ते तासू लागली — पेपर तपासायचा असल्यासारखी, आणि खरं तर पेपरच होता तो. डावीकडे प्रश्न, उजवीकडे गुण. स्वच्छतेला वीस, लेकरं सांभाळल्याच्या अनुभवाला तीस, घरातच राहायच्या तयारीला पंचवीस, स्वभावाला पंचवीस. साकोलीच्या शाळेत आठ वर्षं शिकवलेल्या बाईला लेकीला सांभाळणारी पारखायची दुसरी रीत येणार तरी कुठून.

पोरांना पस्तीसला पास करायचं, आणि इथे एकसष्टची कलाबाई नापास, अठ्ठावन्नची विमलाबाई नापास. कलाबाई फार बोलते, असं तिने शाळेच्या शिपायाला, यादोरावांना, सांगितलं होतं; विमलाबाईबद्दल काय सांगितलं ते आता तिचं तिलाच आठवत नव्हतं. "मास्तरीनबाई, धानकापनी चालू हाय, बाया भेटून नाही राहिल्या," यादोराव कुरकुरले होते. तरी बिचाऱ्यांनी सानगडीची तिसरी शोधली. ही शेवटची.

कारण सोमवारी दिवाळीची सुट्टी संपत होती, आणि तिची रजाही. बाई मिळाली नाही तर सात महिन्यांची प्रज्ञा आसगावला सासूकडे जाणार, हे ठरलेलं. पार्वताबाईंनी निरोपच धाडला होता — लेकराले इकडे आनून दे अन् तू सुखानं नोकरी कर. मनाने वाईट नव्हत्या त्या. पण मग पोर महिन्यातून एकदा दिसणार… आणि हे घर? केशवराव बिलासपूरला रेल्वेत. पंधरा दिवसांनी यायचे, दोन दिवस झोपून काढायचे, जायचे. दिवा लावल्यावर या दोन खोल्यांत बोलायचं कुणाशी, तर पोरीशी, आणि ती काय बोलणार? तरी सुमन तिला सगळं सांगायची. हेडमास्तर काय म्हणाले, भाजीत मीठ कसं जास्त पडलं. कंटाळा आला म्हणायचं, पण तो कंटाळा नव्हता, एकटेपणा होता, आणि तो मेला कुणाला सांगताही येत नाही. नवरा आहे, नोकरी आहे, लेक आहे, अजून काय हवं, म्हणतील.

देवकाबाई आली ती दुपारच्या बसने. पन्नाशीची, हाडापेराने मजबूत, जुनं पण धुतलेलं लुगडं. सुमनने पाण्याचा गिलास पुढे केला. हा प्रश्न यादीत लिहिलेला नव्हता, पण भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेल्या घरात तो पहिला असतो. देवकाबाईने तसबीर पाहिली, गटागटा पाणी संपवलं आणि गिलास परत पुढे केला. "अजून द्या. बसमंधी लय धूर."

मग सगळं सोपं गेलं. नागपूरला एका डॉक्टरच्या घरी सहा वर्षं राहिलेली, दोन पोरं वाढवलेली.

"मग सोडलंत काहून?"

"पोरं मोठी झाली." देवकाबाईने पदराने तोंड पुसलं. "आता वळखत नाहीत. वळखाले पायजे असंही नाही म्हना."

सुमनची पेन्सिल बहात्तरवर येऊन टेकली.

"अन् लेकरू कुठी हाय?" देवकाबाई म्हणाली. "मले इतकं पुसून राहिल्या, तिले त पुसा एकदा."

प्रज्ञाला तिने या वेळी शेजारी पुष्पाबाईंकडे ठेवलं होतं — परीक्षेच्या खोलीत गडबड नको, तसं. ती जाऊन घेऊन आली. देवकाबाईने हात पुढे केले आणि पोरीने असा टाहो फोडला की पुष्पाबाई दारात डोकावून गेल्या. अंग ताठ, हात सुमनकडे. आणि सुमनच्या छातीतून काहीतरी कोमट, गोड उतरत गेलं. तिने झटकन पोर परत घेतली. खांद्यावर येताच पोर गप्प.

"ठरलं तर मग," ती म्हणाली. "सोमवारपासून या."

देवकाबाई उठली नाही. "आधी बाया येऊन गेल्या म्हने. त्याईच्याजवळ रडली होती?"

कलाबाईच्या गळ्यातली पोत धरून पोर खिदळली होती. विमलाबाईच्या खांद्यावर तर चक्क झोपली होती…

"रडली म्हनून मले ठेवून राहिल्या तुमी," देवकाबाई म्हणाली, आवाज न चढवता, बाजारभाव सांगावा तशी. "पंधरा दिवसांनं हसाले लागन. मंग काढान. मास्तरीनबाई, मले आता लेकरू दुसऱ्यांदा सोडनं होत नाही." मग तिने हात पुढे केले. "द्या इकडे. बस पाचची हाय, तवरीक ओट्यावर बसतो आमी. तुमी ठरवा."

पोर किंचाळतच बाहेर गेली. सुमन पलंगाच्या कडेवर बसली. धावत जाऊन घ्यावं, असं अंगातला कण न् कण म्हणत होता, आणि तरी ती कान लावून बसली — रडणं चालू आहे तोवर आपलं काही गेलेलं नाही, अशी. मग सूर खाली आला. मधे देवकाबाईचं पुटपुटणं. मग हुंदके, मग एक उचकी… मग ते दोन आवाजही वेगळे ओळखू येईनात.

बाई हवी होती पोरीला सांभाळायला. आणि पोर मला कशाला हवी होती? दिवसरात्र घरात राहणारी, माझं सगळं ऐकून घेणारी, दुसऱ्या कुणाकडे न जाणारी… ही चाकरी ती बिचारी सात महिने करते आहे, आणि मी तिला एक दिवस सुट्टी दिली नाही. सुमनला तिची दया आली, आणि मग, आपली दया येण्याइतकं पोरीचं वय अजून नाही, याचंही वाईट वाटलं.

ओट्यावर पोर हसली. स्पष्ट, मोठ्याने.

सुमन उठली. दारापर्यंत चार पावलं होती. दोन टाकून ती थांबली, आणि पोर पुन्हा हसते का, ते ऐकत उभी राहिली. तिने हसावं असं तिला वाटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.