पहिली मूठ

कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता सोजरबाईनं विचारलं, "कोर्टानं माझ्या मच्छिंद्राला सोडलं, मंग त्याची सोयरीक का जुळंना?"

आमचं गाव पुण्यात गेलं असं म्हणतात. खरं तर पुणंच आमच्यात घुसलं. तिन्ही बाजूंनी टॉवर आणि मधी सोजरबाईचं एवढंसं वावर. वरच्या बाल्कन्यांतून लोकं आमची खुरपणी बघत चहा पितात.

"संशयाचा फायदा देऊन सोडलं ना," मी म्हटलं. "संशय मच्छिंद्राच्या वाट्याला आला. फायदा बापूरावांनी आधीच खाल्लाय."

सहा वर्षांमागं बिल्डरचं शेड जळालं. मच्छिंद्राला रॉकेलचा कॅन घेऊन पळताना पाहिलं, असं बापूरावांनी कोर्टात सांगितलं. नजर बाकी घारीची हो! कारण त्या सांजेला ते गावच्या लेकीच्या, शैलाच्या, पोराच्या जावळाला, दोन कोसांवर, रस्सा वाढत होते. पळी अर्धीच भरतात म्हणून आमचं अख्खं गाव त्यांच्याशी भांडत होतं. पण बिल्डरकडं पाण्याचे टँकर बापूरावांचे, आणि गावची निम्मी पोरं त्या टँकरवर. गावानं मिठाची गुळणी धरली. पोरगं आत गेलं, ते खटल्याचा निकाल लागेस्तोवर आतच.

एकदा कुणी टोकलं तर बापूराव म्हणाले, "येडा हाय का? कोर्टात कुठं भंडारा उचलला व्हता म्या? ती सरकारी शपथ!" सरकारी नळासारखी, आली तर आली. खरी शपथ म्हणजे खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेली, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

सोजरबाई जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "चंपाषष्ठी कवा हाय गं?"

चंपाषष्ठीला देवळात पहिली मूठ उधळायचा मान बापूरावांच्या घराण्याचा. कडक इस्त्री, पांढरी टोपी, सगळा थाट. हात पुढं करणार तोच सोजरबाईनं भंडाऱ्याचं ताट उचलून त्यांच्यापुढं धरलं.

"उचला बापूराव. अन् हातात हाय तवर एवढंच म्हना, मच्छिंद्राला म्या पाह्यला."

"सोजराक्का, कोर्टातलं कोर्टात. देवाच्या दारी हे कशापायी?"

"मान तुमचाच हाय की. उचला."

बापूरावांचा हात ताटापर्यंत आला आणि इंगळी दिसल्यागत मागं गेला. "माझ्या हाताला... जरा मुंग्या आल्यात," ते म्हणाले.

"कोर्टात बरं नव्हत्या आल्या!" मागून विमलाबाई फिसकली. सगळी हसली.

सोजरबाईनं ताट आमच्याकडं वळवलं. "हसताय व्हय? मंग तुम्ही उचला. म्हना, आम्हांला ठाऊक नव्हतं."

हसू जागीच वाळलं. कुणी घंटा बघितली, कुणी चपला शोधल्या. मला माझ्या नखांतली कोथिंबिरीची माती एकदम फार महत्त्वाची वाटली. एकही हात पुढं आला नाही.

मग खांबाआडून मच्छिंद्र आला. आत जाताना काळेभोर असलेले केस आता कानांवर पिकले होते. त्यानं ताटात हात घातला.

"शेड म्या जाळलं न्हाई," तो हळूच म्हणाला, आणि मूठ भरून वर उधळली. "येळकोट येळकोट!"

"जय मल्हार," आम्ही म्हटलं. तेवढं तरी निघालं तोंडातून.

भंडारा सगळ्यांवर सारखाच पडला. आम्ही मान खाली घालून तो कपाळाला लावला. बापूराव मात्र टोपी काढून झटकत बसले होते. हळदच ती. जेवढी झटकत होते, तेवढी पांढऱ्यावर पसरत होती.