सावेताचं फाटक

“तोआदेर, या वयात नवरा व्हायची हौस आलीय का रे?” आक्सिंतेने कुंपणापलीकडून विचारलं.

तोआदेर अंगणात गालाला साबण फासून उभा होता. आरसा खिडकीच्या खिळ्याला अडकवलेला. संत गेओर्गेच्या सणाची सकाळ होती, आणि सणाला दाढी केल्याशिवाय चर्चची पायरी चढायची नाही, हा बायकोने घालून दिलेला नियम ती गेल्यावरही तो पाळत होता. शेजाऱ्याचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरेना. त्याने वस्तरा पाण्यात बुडवला आणि सकाळी सकाळी किती ढोसलीस, असं विचारलं.

“मी कसली ढोसतोय? वेशीवर जाऊन बघ. सावेताचं फाटक विहिरीला टेकून उभं आहे. वर वाळुंजीच्या डहाळ्या काय, माळा काय! आणि बाजूला तुझी ढकलगाडी.”

वस्तरा गालावर तसाच थांबला. तोआदेरने मान वळवून छपराखाली पाहिलं. ढकलगाडी जागेवर नव्हती. मग त्याने घरात हाक मारली. नातही जागेवर नव्हती.

तोआदेरचं सगळं आयुष्य गावच्या लाकडाच्या गिरणीत फळ्या रचण्यात गेलं होतं. फळी आली की घ्यायची, थरावर ठेवायची, दोन थरांमध्ये काठ्या सारायच्या म्हणजे वारा खेळतो आणि लाकूड कुजत नाही. हे काम त्याने चोख केलं, पण फळ्या रचणाऱ्याला गोष्टी सांग असं कोण म्हणणार? बायको असताना तीच बोलायची. ती गेली आणि घर मुकं झालं.

मग मुलगा आणि सून इटलीला गेले, परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला, आणि त्यांची मुलगी इलिंका त्याच्याकडे राहायला आली. पहिले काही दिवस पोर ताटाला शिवेना. मक्याचा घाटा थंड होऊन दगड व्हायचा. एका संध्याकाळी तोआदेर सहज बोलून गेला की तुझ्याएवढा होतो तेव्हा मी ओढ्यातल्या दगडांखाली हात घालून मासे धरायचो. पोरीने वर पाहिलं. कसे, म्हणाली. तो सांगत गेला, ती खात गेली, आणि ताट साफ झालं.

त्या दिवसापासून रोज जेवताना त्याच्या लहानपणातली एक गोष्ट ठरलेली. आणि आज गोष्ट ऐकली की उद्या ती करून बघायची, हे इलिंकाचं ठरलेलं. दगडांखालचा मासा तिला मिळाला नाही, एक कुजका बूट मिळाला. तो तिने मासा समजून घरापर्यंत घट्ट धरून आणला. कणीक मळायच्या लाकडी परातीत बसून ती आणि शेजारचा नुत्सू ओढा उतरले आणि गिरणीच्या बांधाला जाऊन आपटले. आक्सिंतेच्या मेंढ्यावर ती उलटी बसली, शेपूट धरून. तोआदेर लोकांसमोर तिला रागवायचा, आणि संध्याकाळी गुत्त्यात बसून तेच किस्से मीठमसाला लावून सांगायचा. अगदी आजोबावर गेलीय, असं कुणी म्हटलं की त्याची मान ताठ व्हायची. जन्मात पहिल्यांदा लोक त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबत होते.

फाटकांची गोष्ट त्याने गेल्याच आठवड्यात सांगितली होती. पूर्वी संत गेओर्गेच्या आदल्या रात्री गावातली पोरं टोळी करून निघायची. ज्या घरी लग्नाची मुलगी असेल त्या घरचं फाटक बिजागरीतून उचलायचं, वेशीवर नेऊन सजवायचं. सकाळी प्रार्थना सुटली की मुलीच्या घरचं माणूस दारूची बाटली आणि वेणीचा गोड पाव घेऊन यायचं, चारचौघांत मुलीचं नाव घ्यायचं, चोरांना पाजायचं आणि फाटक सोडवायचं. मग चोरांनीच ते परत नेऊन बसवायचं. फाटक चोरीला जाणं हा घराचा मान. ते जागेवर राहिलं, तर त्या घरच्या आईला आठवडाभर पाणवठ्यावर तोंड दाखवायची सोय नसे.

सगळी फाटकं मीच पुढे होऊन उचलायचो, असं तोआदेरने सांगितलं. मग घास गिळून, हसू आणायचं म्हणून पुढे जोडलं, “सगळ्यांची नेली, एक त्या सावेताचं सोडून. तिच्या फाटकावर गोगलगाईशिवाय कुणी चढलं नाही.”

सावेता त्या काळी गावातल्या सगळ्या पोरांपेक्षा वीतभर उंच होती. बाप नव्हता, आणि हुंड्यात द्यायला शेळीही नव्हती. पुढे तिने जन्मभर लोकांच्या घरांच्या भिंती चुन्याने रंगवल्या. शिडी लागायची नाही, असं लोक चेष्टेने म्हणायचे. म्हातारी झाली तरी ती त्याच घरात एकटी राहत होती.

“तिला वाईट नाही वाटलं?” इलिंकाने तेव्हा विचारलं होतं.

“तिला कसलं वाईट? ती वरूनच बघायची सगळ्यांकडे.”

पोर हसली नव्हती. हे तोआदेरला आता, सणाचा कोट आणि टोपी चढवून, अर्ध्या गालावर साबण घेऊन रस्त्याने धावताना आठवलं.

फाटक खरंच विहिरीला टेकून उभं होतं. निळ्या रंगाचे पोपडे, एक पट्टी तुटून तारेने बांधलेली. डहाळ्यांमध्ये पिवळी रानफुलं खोचलेली. इलिंका आणि नुत्सू दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसारखे बसले होते. चर्चला निघालेले लोक थांबत होते, बघत होते, तोंडावर हात ठेवून पुढे जात होते. एकाने विचारलं की मुलगी पाहायची असेल तर शिडी घेऊन जावं लागेल का. दुसरा म्हणाला, घाई कर, नाहीतर संधी हुकेल. हे फाटक नेणं बंद होऊन जमाना झाला होता, पण त्याचा अर्थ काही कुणी विसरलं नव्हतं.

तोआदेरची कानशिलं तापली. तोंड पुसून तो गर्दी पांगायची वाट पाहत विहिरीमागे उभा राहिला. प्रार्थना सुरू झाली तरी उशिरा येणारे चालूच होते; बऱ्याच वेळाने रस्ता ओस पडला, तसा तो पुढे आला आणि त्याने फाटकाला हात घातला.

“आजोबा, हात लावू नका,” इलिंका म्हणाली. “अजून सोडवलं नाहीये. न सोडवता परत गेलं तर त्या मुलीची किंमत एका बाटलीचीही नाही असं होतं. तुम्हीच सांगितलंत.”

सांगितलं होतं खरं. पण ते मुलींचं, तो पुटपुटला, सत्तरीच्या बाईचं नाही. ती प्रार्थनेला गेली असेल तोवर गुपचूप बसवून येऊ. तिला कळायचंही नाही. त्याने डहाळ्या उपटून टाकल्या, फाटक खांद्यावर घेतलं आणि मागच्या गल्लीने निघाला. पोरं रिकामी ढकलगाडी ओढत मागे मागे.

गल्लीच्या वळणावर समोरून सावेता आली.

तिने भरतकामाचा सणाचा झगा घातला होता, डोक्याला नवा रुमाल. हातात टोपली, टोपलीवर पांढरं फडकं, आणि फडक्यातून बाटलीचं तोंड आणि पावाची तकतकीत कड बाहेर डोकावत होती. गरम पावाचा वास गल्लीभर पसरला.

“कुठे नेतोस?” तिने विचारलं.

“तुझ्याच घरी. पोरांचा खेळ झाला ग. कुणाला कळायच्या आत गुपचूप…”

“गुपचूप का?”

तोआदेरने पाय बदलला. फाटक खांद्यावर जड होत होतं आणि खाली ठेवायचाही धीर होत नव्हता. त्याने माफी मागायला तोंड उघडलं. म्हणाला, चूक माझीच, मी पोरीला माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगतो, फाटकं कशी उचलायचो ते सांगितलं, आणि ती खुळी…

“सावेताआजी, खेळ नाही,” इलिंका मध्येच म्हणाली. “आजोबा म्हणाले, तुझ्या फाटकावर गोगलगाईशिवाय कुणी चढलं नाही. म्हणून मी आणि नुत्सूने ठरवलं की यंदा न्यायचं.”

 

“गोगलगाय बरी असते,” सावेता म्हणाली. “आली की उतरायची घाई करत नाही.” मग इलिंकाकडे वळून तिने विचारलं, “आजोबा फाटकं उचलायचे म्हणाले?”

“सगळी. पुढे होऊन.”

“तो कंदील धरायचा, बाळा. उचलणारे दुसरे.” तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखं ती बोलत होती. “दरवर्षी मी खिडकीत जागी असायचे. उजेड आमच्या कुंपणापाशी आला की तुझे आजोबा वात खाली करायचे. अंधारात सगळे पुढे निघून जायचे.”

इलिंकाने आजोबाकडे पाहिलं. तोआदेरला वाटलं, आता ती विचारेल, खरं का? पण तिने विचारलं नाही. ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याने गोष्टींत सांगितलेले ते सगळे मासे, ती परात, तो मेंढा एकेक करून जात असल्यासारखं त्याला दिसलं.

“पहाटे मी तुम्हालाही बघितलं,” सावेता पोरांना म्हणाली. “बिजागरी निघत नव्हती तुमच्याच्यानं. बाहेर येऊन मदत करावी असं मनात आलं होतं. मग म्हटलं, कणीक मळायला घ्यावी.” तिने टोपली दुसऱ्या हातात घेतली. “तोआदेर, ते होतं तिथे नेऊन ठेव.”

तो उलटा फिरला. मुख्य रस्त्याने गेलं पाहिजे हे तिने सांगितलं नाही, पण ती त्याच रस्त्याला लागली आणि तो मागे गेला. विहिरीपाशी पोचेपर्यंत प्रार्थना सुटली होती. लोक पायऱ्या उतरत होते. तोआदेरने त्यांच्यादेखत फाटक विहिरीला टेकवलं. इलिंकाने मातीतल्या डहाळ्या उचलल्या, झगा मळवून घेत पुसल्या, पुन्हा खोचल्या. सकाळी शिडीचा विनोद करणारा तोंड उघडणार होता, पण सावेताने टोपली विहिरीच्या काठावर ठेवली आणि पाठ सरळ केली. तिची उंची म्हातारपणातही फारशी कमी झाली नव्हती.

“हे फाटक माझ्या घरचं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “या घरच्या मुलीचं नाव सावेता.”

कुणी हसलं नाही.

तिने फडकं काढलं. पाव मोडला, चोरांना आधी म्हणत इलिंका आणि नुत्सूला मोठाले तुकडे दिले, त्यांच्यासाठी आणलेलं चेरीचं सरबत ओतलं. मग बाटलीचं बूच काढून आक्सिंतेला म्हणाली, तूही त्या वेळचा चोर, माझ्या दारावरून गेलास एवढंच, घे. आक्सिंतेने टोपी काखेत धरून पेला घेतला आणि उभ्यानेच रिकामा केला. आणखी दोघे म्हातारे पुढे झाले. त्यांनाही मिळाली.

तोआदेर रांगेत शेवटचा होता. त्याचा हात पुढे झाला तेव्हा सावेताने बुचाकडे हात नेला.

“हे चोरांचं आहे, तोआदेर,” ती हळूच म्हणाली. फक्त त्याला ऐकू गेलं. तिने बूच दाबून बसवलं आणि पेला पदरासारख्या रुमालाच्या टोकाने पुसून टोपलीत ठेवला.

फाटक गाडीवर चढवायची वेळ आली. पहाटे ढकलत, घसरत कसंबसं चढवलेलं ते आता दमलेल्या पोरांच्याने उचलेना. तोआदेर सवयीने खांदा द्यायला वाकला.

“तुम्ही नका, आजोबा,” इलिंका म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा नव्हता. नियम होता तो. “चोरांनीच न्यायचं असतं.”

शेवटी आक्सिंतेने टोक धरलं. गाडी कुरकुरत निघाली. पुढे सावेता, टोपली कमरेवर, डावीउजवीकडे न बघता. मागे दोन पोरं आणि एक म्हातारा चोर. नवरीची गाडी आली की सरतात तसे लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना सरले.

तोआदेरही सरला. सणाच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर जुन्या निळ्या रंगाची भुकटी बसली होती. ती झटकायला त्याने हात वर नेला, आणि मग तो हात तसाच खाली आणून त्याने टोपी काढली.