बायको रडते, मी हसतो

मेरठमध्ये पुस्तकाचं बारसं आधी होतं आणि मग ते जन्माला येतं. हसू नका, धंद्याची रीतच तशी आहे. या महिन्याच्या कादंबरीच्या मागल्या पानावर पुढल्या चार कादंबऱ्यांची नावं छापून टाकायची, दिल्लीहून त्यांची रंगीत मुखपृष्ठं वीस-वीस हजार छापून आणायची, गठ्ठे माडीवर रचायचे, आणि मग लेखकाच्या मानगुटीवर बसायचं. आत काय आहे ते विचारतो कोण? स्टेशनवरच्या स्टॉलवर माणूस नाव वाचतो, खुदकन हसतो आणि गाडीत चढता चढता पुस्तक उचलतो.

आणि असली नावं काढावीत तर ब्रजपाल कौशिकनेच. 'सासूबाई चंद्रावर', 'फौजदार माझ्या खाटेखाली', 'मेल्यावर भेटू, वहिनी'. पुस्तकं सगळी त्याची, पण वर नाव मास्टर मस्ताना, आणि मागे काळ्या चष्म्यातला फोटो मालक लालाजींच्या मेहुण्याचा. त्या मेहुण्याला धड पत्र लिहिता येत नसे, पण लग्नकार्यात लोक सह्या घ्यायचे त्याच्या. ब्रजपालला त्याचं काही वाटत नसे. त्याच्या मनात सलत होतं ते वेगळंच.

अकरा वर्षांपूर्वी त्याची एकुलती एक मुलगी गुड्डन तापाने गेली. नऊ वर्षांची होती. सकाळपासून पोर फणफणली होती. बायको ओमवती दारात येऊन म्हणाली, "अहो, हिला डॉक्टरकडे नेऊ या. मान बघा कशी ताठ झालीय." बाहेर छापखान्याचा माणूस पानांसाठी ताटकळत होता. ब्रजपाल मान वर न करता म्हणाला, "दोन पानं राहिलीत. आलोच." विनोदाची दोन पानं! ती होईतो दोन तास गेले. डॉक्टर म्हणाला, उशीर केलात. लवकर आणली असती तर वाचली असती का, हे त्यानेही सांगितलं नाही आणि देवानेही नाही.

त्यानंतर ओमवतीने त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पूर्वी तो वाचून दाखवायचा आणि रोट्या लाटता लाटता हसून हसून तिची मुरकुंडी वळायची. आता ती त्याच्या पुस्तकांना शिवत नसे. जेवायला वाढायची, दळण आणायची, विचारलं तेवढं सांगायची. तिने शिव्या घातल्या असत्या, भांडी आपटली असती तर परवडलं असतं. गप्प माणसापुढे कबुली द्यायची तरी कशी? कितीदा त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं काय, तर "जरा मीठ दे."

शेवटी ज्या हाताने घात केला त्याच हाताला त्याने कामाला जुंपलं. सहा महिने पहाटे उठून त्याने गुड्डनचं पुस्तक लिहिलं. फ्रॉकच्या खिशात हिरवे हरभरे लपवणारी गुड्डन, शेजारच्या शेळीला 'मावशी' म्हणणारी गुड्डन, आणि मग ती दोन पानं, घडलं तसंच. घरात पोरीचा एक फोटो नव्हता. काढू काढू म्हणता राहूनच गेला. निदान तिचं नाव कुठेतरी छापलेलं असावं, ते ओमवतीच्या हातात पडावं आणि जे तोंडाने बोलवत नाही ते तिला कळावं, एवढीच त्याची आस होती. नुसते हाताने लिहिलेले कागद देऊन भागलं नसतं. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या खलीलमियाँखेरीज ते कुणाच्या बापाला लागत नसे.

"लालाजी, हे माझ्या नावाने निघू दे," तो मालकाला म्हणाला. "आणि पुस्तकाचं नाव नुसतं 'गुड्डन'."

लालाजी तीळगुळाची गजक चघळत होते. "पंडितजी, किती वर्षांचा घरोबा आपला! तुम्ही म्हणाल तसं. द्या खलीलकडे." एवढं बोलून ते नातवाचं जावळ काढायला हरिद्वारला गेले. ब्रजपालने कागद खलीलमियाँच्या हवाली केले. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'गुड्डन' लिहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी तो ओमवतीला म्हणाला, "एक पुस्तक येतंय. बाकी काही वाचू नकोस, पण हे वाच."

तिने लाटणं खाली ठेवलं. "आलं की द्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती बेगम पुलाजवळ जाऊन स्वतःसाठी नवा चष्मा करायला टाकून आली. ब्रजपालला हे कळलं तेव्हा तो न्हाणीघरात जाऊन रडला.

तीन आठवड्यांनी, दुपार कलता कलता तो छापखान्यात गेला, तर खलीलमियाँ खुशीत. "मुबारक, पंडितजी! पुस्तक तयार. तुमच्या दहा प्रती सकाळीच रिक्षाने घरी धाडल्या."

ब्रजपालने प्रत हातात घेतली. मुखपृष्ठावर डोळ्याला पदर लावलेली बाई, शेजारी खाटेवर लोळत दात काढणारा पुरुष. वर पिवळ्याधमक अक्षरांत 'बायको रडते, मी हसतो'. खाली मास्टर मस्ताना.

हे नाव त्यानेच आठ महिन्यांपूर्वी चहा पिता पिता लालाजींना काढून दिलं होतं.

"मियाँ, घात केलात! वर 'गुड्डन' लिहिलं होतं ना?"

"ते पहिल्या प्रकरणाचं नाव म्हणून टाकलं की." खलीलमियाँ पांढराफटक पडला. "पंडितजी, आजवर कधी कागदांवर पुस्तकाचं नाव आलंय? नाव माडीवर असतं, मजकूर खाली येतो. तुमच्या नावांपैकी या एकाचीच मुखपृष्ठं तिथे पडून होती."

"अहो, पण जुळवताना वाचलंत नाही?"

"मी अक्षरं वाचतो, पंडितजी. गोष्ट वाचायला मला वेळ कुठला?"

"गठ्ठे कुठे आहेत?"

"परवाच गाडीने गेले. सगळ्या स्टेशनांवर."

ब्रजपाल धावत सुटला. पन्नाशीचा माणूस, चप्पल वाटेत तुटली ती तिथेच टाकली. घरी पोचला तर अंगणात सुतळी सोडलेला गठ्ठा, खाटेवर ओमवती, मांडीवर मिटलेलं पुस्तक. पायाशी तिची ट्रंक होती.

"ओमवती, चूक झालीय! हे नाव मी दिलेलं नाही... म्हणजे दिलं होतं, पण याला नाही!"

"वाचलं मी," ती म्हणाली. "सगळं. खरं लिहिलंत. ती शेळीला मावशी म्हणायची, ते मी विसरलेच होते."

तो तिच्या पायाशी बसला. "मला माफ कर."

"अकरा वर्षं वाट पाहिली हो. आज बोलतील, उद्या बोलतील. माफ करायलाच बसले होते मी. मला सांगायला तुमची जीभ रेटेना, आणि बाजाराला सांगितलंत?"

त्याने पुस्तक ओढून घेतलं आणि मुखपृष्ठ टराटरा फाडलं. "हे बघ, गेलं! आता नुसती गुड्डन राहिली."

तिने पान उलटलं आणि वरच्या कडेवर बोट ठेवलं. बारीक अक्षरांत तिथे छापलं होतं, बायको रडते, मी हसतो. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. ब्रजपालने दाढीचं पातं आणलं आणि कडा कापायला घेतल्या. घाईघाईत तिसऱ्या पानाला मजकूरच कापला गेला.

"किती कापाल?" ती म्हणाली. "हे एक कापाल. बाकीच्यांचं काय? लोक हसायला म्हणून घेतील, आणि माझी पोर तिथे मरत पडलेली असेल."

ती उठली. ब्रजपाल आडवा आला, गठ्ठ्यातली एक प्रत काढून 'गुड्डन' छापलेलं पान त्याने तिच्यापुढे धरलं. "खुर्ज्याला भावाकडे जायचं तर जा. पण हिला घेऊन जा. तिचं नाव दुसरीकडे कुठेच नाही गं."

ओमवतीने पुस्तक हातात घेऊन त्या नावावरून बोट फिरवलं. मग ती ढसाढसा रडली, अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर.

"न्यायचीच आहे हो मला," ती म्हणाली. "पण तुम्ही तिच्या कपाळावर हे लिहून ठेवलंत. भावाने विचारलं, ताई, काय वाचतेस, तर काय सांगू त्याला?"

तिने पुस्तक त्याच्या हातात परत दिलं, ट्रंक उचलली आणि ती खुर्ज्याच्या बसला गेली.