नातीच्या ताटाचे गुण

लेक आणि जावई दोघंही परगावी नोकरीला, म्हणून नात माझ्याकडे असायची. मागे लेक आली तेव्हा म्हणाली, "पोर वाळलीय, आई. असंच चाललं तर परीक्षेनंतर वसतिगृहात ठेवते." माझ्याच हातचं खाऊन वाढलेली ही, आणि मलाच शहाणपण शिकवते!

आठ दिवसांत शाळेतर्फे एक पाहणीवाली बाई घरी आली. भूमध्य समुद्राकाठचे लोक खातात तसं, म्हणजे फळं, भाज्या, कडधान्यं, मासे, ऑलिव्हचं तेल, आपली पोरं कितपत खातात ते तिला मोजायचं होतं. सोळा प्रश्न. बारांना गुण मिळायचे, चारांना कापले जायचे. निकाल आईबापांना जाणार होता. म्हटलं, बरं झालं. पडू दे लेकीच्या हातात कागद.

नात शेजारीच बसली होती, पण ती तोंड उघडेपर्यंत माझी दोन उत्तरं देऊन व्हायची.

"रोज फळ खाते?"

"दोन. सोलून, चिरून देते."

"मासे?"

"आठवड्यातून तीनदा. काटे काढून."

"सकाळचा नाश्ता चुकवते?"

"माझ्या घरात? मी काय उठून माशा मारते?"

"दिवसातून अनेकदा गोड खाते?"

"खाते की! आमच्याकडे कशाचा तोटा नाही."

बाई हसली. "आजी, याचा एक गुण जातो."

"मग आधी सांगायचं ना!"

बेरीज झाली. बारापैकी अकरा. माझी मान ताठ.

"पण आजी, हे तुम्ही रांधलेलं झालं," बाई म्हणाली. "तिनं खाल्लेलं किती?"

"ताटात वाढलेलं पोटातच जातं. आणखी कुठे जाणार?"

"डबा मैत्रिणी खातात," नात खाली बघत म्हणाली. "आणि नाश्ता मी जाताना कचऱ्यात टाकते."

"का गं? मीठ जास्त पडतं?"

"चव छान असते, आजी. पण तू बोलतेस. घास घेतला की आईचं काढतेस, बाबांचं काढतेस, माझ्या मार्कांचं काढतेस. शाळेत डबा उघडला तरी तेच कानात वाजतं. गिळवत नाही मग."

जिभेला हाड नाही म्हणून मी आजवर मिरवलं. तेव्हाही चार उत्तरं ओठांवर आली होती. पण पेन धरलेल्या बाईकडे बघता बघता नजर पोरीच्या मनगटावर गेली. नुसतं हाड.

बाईनं सगळे प्रश्न पुन्हा विचारले, या वेळी तिला. गुण झाले तीन.

"अकराच राहू द्या ना," नात एकदम म्हणाली. "मला नाही जायचं वसतिगृहात."

माझी सही बाकी होती. अकरावर केली असती तर पोर माझ्याकडे राहिली असती, आणि वाळत गेली असती.

"तीन म्हणजे तीन," मी म्हटलं. चौथीपर्यंत शिकलेली मी, सावकाश सही केली.

परीक्षा झाली आणि लेक तिला घेऊन गेली.

आता मी एकटीपुरतं रांधते. मासे आणत नाही, एकटीसाठी कोण काटे काढत बसणार? सकाळी नात वसतिगृहातून फोन करते.

"नाश्ता करतेय गं, आजी."

"बरा असतो का?"

"तुझ्यासारखा नाही."

त्यावर मला पुष्कळ बोलायचं असतं. मी बोलत नाही. फोन कानाला धरून तिचं चावणं ऐकत बसते, ताट संपेपर्यंत.